बाराव्या मोसमातला रद्द सामना

त्याला सगळे ‘बिनचूक’ म्हणत. शेजारी म्हणत, जुने सोबती म्हणत, इतकंच काय, डॉक्टरही औषधाच्या पाकिटावर तेच नाव लिहीत. बायको तेवढी म्हणत नसे. बेचाळीस वर्षं एका घरात काढली की कोण किती बिनचूक आहे ते कळायचं राहत नाही.

नाव पडलं ते छापखान्यात. एका क्रीडा-साप्ताहिकाच्या छापखान्यात तो जुळारी होता. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, त्यावरचं उलटं अक्षर वाचायचं आणि ओळीत बसवायचं, हे त्याचं काम. बातम्या कुणीही जुळवाव्यात, पण देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचा गुणतक्ता त्याच्याशिवाय कुणाच्या हाताला लागू द्यायचा नाही, असा फोरमनचा हुकूम होता. दहा संघ, प्रत्येकापुढे आठ आकडे. हा तक्ता दर आठवड्याला नव्याने जुळवत नसत. मागचा तक्ता सुतळीने बांधून फळीवर ठेवलेला असे. पंचांच्या सहीच्या निकालाच्या चिठ्ठ्या आल्या की बदललेले आकडे तेवढे चिमट्याने उपटायचे आणि नवे बसवायचे. मोसम संपला की तोच बांधलेला तक्ता वार्षिकांकात जाई. इतक्या वर्षांत त्याच्या तक्त्यात चूक निघाली नाही. निदान कुणी काढली नाही, आणि आपल्याकडे या दोन्हींत फारसा फरक करत नाहीत.

छापखाना बंद पडला तेव्हा यंत्रं भंगारात गेली. ज्याने त्याने हाताला लागेल ते आठवण म्हणून उचललं. याने आपली खिळ्यांची केस आणली. केस म्हणजे दाराएवढी लांब, उथळ लाकडी पेटी, आत लहानमोठे खणच खण. बायको आधी करवादली, मग तिने ती शिवणाच्या मशीनच्या वर भिंतीला ठोकून घेतली आणि खणाखणांत बटणं, हुक आणि सेफ्टी पिना भरल्या. संसारात कुठलीही गोष्ट फार दिवस स्मारक राहू शकत नाही.

तर असा हा बिनचूक अडुसष्टाव्या वर्षी घरी वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेन्सिलने अधोरेखित करत सुखाने बसला होता. तेवढ्यात लीगच्या कचेरीतून बोलावणं आलं. लीगचा पन्नासावा मोसम होता आणि सगळ्या मोसमांचं मिळून एक जाडजूड पुस्तक काढायचं होतं. कचेरीची जुनी दप्तरं वाळवीने खाल्लेली. म्हणजे राहिल्या त्या याने दर मोसमाचे तक्ते उतरून ठेवलेल्या घरच्या वह्या आणि वार्षिकांक.

मोसम मोजणं सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा मोजून पाहावेत. पहिला मोसम सहा संघांचा, पण मैदान एकच, म्हणून सरता सरता आठ महिने लागले. तिसऱ्यात चार फेऱ्या झाल्या आणि पंच रुसून घरी बसले. कारण काय, तर शिट्ट्या ज्याच्या त्याने आणाव्यात असा फतवा निघाला होता. त्यांची समजूत काढायला कुणी गेलंच नाही. तो मोसम अर्धवट राहिला, की मुळात झालाच नाही, हेही कुणी ठरवलं नाही. आठवा आणि नववा एकाच वर्षात उरकले, कारण हिवाळ्यातली लीग उन्हाळ्यात न्यायची होती. बिनचूकने तीन दिवस बोटांवर मोजलं आणि आकडा काढला एकोणपन्नास.

लीगची चिटणीस त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने कपाळाला हात लावला.

“काका, एकोणपन्नास कसे होतील? पन्नासाव्या मोसमाचे फलक लागलेत बाहेर!”

“तिसरा धरायचा की नाही, ते आधी ठरवा.”

“काका, फलक लागलेत.”

“मग धरू,” बिनचूक म्हणाला.

त्यासरशी त्याच्या वहीतला अकरावा मोसम बारावा झाला, तेविसावा चोविसावा झाला. त्याला प्रत्येक पानावर आकडा खोडून लिहावा लागला. त्याच्या डोक्यातला गोंधळ इथे सुरू झाला म्हणायला हरकत नाही. आयुष्यभर जिन्याच्या पायऱ्या मोजून चढणाऱ्याला कुणी सांगावं, की खाली आणखी एक पायरी होती, तसं त्याचं झालं.

पुस्तकाच्या शेवटी एक यादी यायची होती. लीगमध्ये एक सामना जरी खेळला असला तरी त्या खेळाडूचं नाव, त्याचे सामने, त्याचे गोल. गोलरक्षक असेल तर त्याने खाल्लेले गोल. शुक्रवारी पुस्तक छापायला जाणार होतं. आधीच्या रविवारी सकाळीच मेव्हणा दारात हजर.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं काच कापायचं दुकान होतं. पंजे परातीएवढे, त्यावर जुन्या ओरखड्यांच्या रेघा. तरुणपणी तो लीगमधल्या एका बेताच्या संघाचा राखीव गोलकीपर होता. राखीव म्हणजे बाकावर बसणारा. त्याने बाकावर काढलेले मोसम चार.

“भावोजी, माझं नाव घातलंत?” त्याने चप्पल काढायच्या आधी विचारलं.

“कशात?”

“कशात म्हणजे? पुस्तकात. एक सामना खेळला तरी नाव येणार ना?”

“तू खेळलास कुठे?”

हा प्रश्न घरात नवा नव्हता. गेली अडतीस वर्षं चार माणसं जमली की मेव्हणा आपल्या एकुलत्या एक सामन्याची गोष्ट सांगे. बाराव्या मोसमाचा पावसाने पुढे ढकललेला शेवटचा सामना, बुधवारची दुपार, दोन्ही संघ मधल्या जागांवर, जिंकले काय, हरले काय, सारखंच. मोठा गोलकीपर बहिणीच्या लग्नाला गेला म्हणून याला उतरवलं. मैदानात घोट्याएवढा चिखल आणि बघायला चाळीस माणसं. आणि याने अख्ख्या सामन्यात एक गोल होऊ दिला नाही! एक पेनल्टी तर बोटाच्या टोकाने वरच्या दांडीवरून घालवली. पोरं त्याला ‘शून्यमामा’च म्हणत. गोष्ट संपली की बिनचूक उठे, कपाटातून त्या मोसमाचा वार्षिकांक काढे आणि तक्त्याखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवी: एक सामना रद्द. दोन्ही संघांपुढे अठराच्या जागी सतरा सामने. मग सगळे हसून लोटपोट होत. मेव्हणाही हसे. ते फार वाईट होतं, पण तेव्हा ते कुणाला सुचलं नाही.

या खेपेला मेव्हणा हसला नाही.

“सामना झाला होता, भावोजी. निकालाची चिठ्ठी मी स्वतः तुमच्या हातात दिलीय.”

“माझ्या हातात?”

“पंच म्हणाले, तुझे भावोजी छापखान्यात आहेत ना, जाता जाता देऊन टाक. मी खिडकीतून दिली. तुम्ही मान वर करूनही बघितलं नाहीत. नुसता हात पुढे केलात.”

“हे आजवर कधी बोलला नाहीस ते?”

मेव्हणा जरा अडखळला. “तुम्ही कधी विचारलंत?” असं म्हणून तो चहा न घेताच निघून गेला. बहिणीच्या घरून तो चहा न घेता गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बिनचूकचं आता कशात मन लागेना. त्याने बारावा मोसम पुन्हा मोजला. दहा संघ, म्हणजे सामने हवेत नव्वद. होते एकोणनव्वद. झालेले गोल आणि खाल्लेले गोल जुळत होते, म्हणजे तक्ता चोख. सामना झाला नव्हता म्हणूनच तर चोख! पण झाला असता आणि दोन्हीकडून गाळला असता, तरीही चोखच दिसला असता. हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने वही मिटली. हिशेब बरोबर असणं आणि खरा असणं यांत फट असू शकते, हे अडुसष्टाव्या वर्षी कळणं काही सुखाचं नाही.

मग तो आठवू लागला. खिडकी आठवली. खिडकीतून आलेला चिखलाने भरलेला हात आठवला. हो, आठवतोय की! पण नीट पाहिलं तर त्या हातात अंगठी दिसली, आणि मेव्हण्याचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालेलं. म्हणजे हा हात आत्ताच, रविवारी, मेव्हण्याच्या बोलण्यातून डोक्यात शिरला होता. की हात खरा आणि अंगठी तेवढी मागून शिरली? त्याला काही कळेना. दाढी करताना त्याने एकच गाल दोनदा केला.

बुधवारी दुपारी त्याने बायकोला विचारलं. ती मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती.

“अगं, तो सामना खरंच झाला होता?”

“झाला की. त्याचे कपडे मीच धुतले. तीन पाण्यांतून काढले तरी चिखल निघेना.”

“मग अडतीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलीस?”

“तुम्ही दोघं बोलताना मध्ये पडायला जागा असते कुठे? आणि तुम्हाला काय, छापलंय म्हणजे झालं. माझ्या धुण्याला कोण विचारतंय?” तिने दोरा तोडला. “शिवाय त्या दिवशी तो जेवला नव्हता. भिंतीकडे तोंड करून निजून राहिला. मी म्हटलं, राहू दे, नको तो विषय.”

एकही गोल न खाणारा माणूस भिंतीकडे तोंड करून का निजेल, हे बिनचूकच्या डोक्यात यायला हवं होतं. पण त्याचं डोकं सध्या जागेवर नव्हतं.

“बुधवारच होता कशावरून?”

“वार नाही सांगता येणार. पण तुम्ही संध्याकाळी हातांना खळ फासून आलात. दाराच्या कडीला ती वाळून बसली, मी सुरीने खरवडली. एकाच दिवशी एकाच्या अंगाचा चिखल आणि दुसऱ्याच्या हाताची खळ. असा दिवस विसरतं होय कुणी?”

खळ! बिनचूक उभा राहिला. मोसमाचा शेवटचा अंक निघाला की छापखान्यात एकदा सगळ्या केसेस रिकाम्या करून झाडायचे आणि खणांच्या तळाला खळीने नवा कागद चिकटवायचे. वर्षातून एकच दिवस. आणि हातात काम असताना चिठ्ठी आली तर तो कुठे ठेवायचा? उजव्या कोपऱ्यातल्या खणात. त्यातलं अक्षर वर्षातून दोनदा लागलं तर लागलं, म्हणून तो खण म्हणजे त्याचा खिसाच होता.

त्याने मशीनवर चढायचा प्रयत्न केला.

“अहो, पडाल! मी उतरवून देते.”

दोघांनी मिळून केस जमिनीवर घेतली. उजव्या कोपऱ्यातल्या खणात सेफ्टी पिना होत्या. त्या त्याने ओंजळीत काढल्या आणि सुरीच्या टोकाने तळाचा कागद उचकटला. खाली दुसरा कागद. त्याखाली तिसरा. दर मोसमाला एक थर. तो मोजत गेला आणि सातव्या थराला मोजणं चुकलं. तिसरा मोसम धरून मोजायचं की सोडून, असा प्रश्न त्याला उगीचच पडला, त्याचा इथे काही संबंध नसताना. शेवटी एक पिवळा पडलेला कागद लागला आणि त्याला चिकटून बसलेला एक तपकिरी चौकोन. चिठ्ठी ओली आली होती. चिखलाने ती तळाला डकली, खिळे ओतले तरी निघाली नाही, आणि तिच्यावर याने स्वतःच्या हाताने, हसतखेळत, खळ फासून कागद लावला होता.

पेन्सिलीचा मजकूर शाबूत होता. तारीख, मैदान, पंचांची सही. गोलकीपर म्हणून मेव्हण्याचं नाव, आडनावासकट. आणि निकाल: चार-शून्य. बिनचूकला जन्मभर उलटं वाचायची सवय, म्हणून आधी वाटलं चार आपल्या माणसाच्या संघाचे. त्याने चिठ्ठी फिरवली, पुन्हा फिरवली. मग बायकोने चष्मा लावून सरळ वाचलं.

“चार खाल्ले हो त्याने,” ती हळूच म्हणाली. “पेनल्टीसुद्धा.”

संध्याकाळभर बिनचूक ती चिठ्ठी समोर ठेवून बसला. त्याने, बायकोने आणि पंचांनी सोडून चिठ्ठी कुणी वाचली नव्हती, आणि त्यातले पंच तर वारले होते. ‘सामने एक, खाल्लेले गोल शून्य’ असं लिहिलं तर कोण विचारणार होतं? इतकी वर्षं आपण त्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं, निदान एवढं तरी त्याला द्यावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण ते चार गोल समोरच्या संघातल्या तिघांनी मारले होते. त्यांची नावंही चिठ्ठीत होती. एकाचं शून्य राखायचं तर त्या तिघांच्या खात्यातून चार गोल चोरावे लागणार. आणि चारशून्य लिहावं, तर शून्यमामाचं काय करायचं? नाव न घालावं तर तेही खोटंच. कुठूनही निघालं तरी वाट परत चिठ्ठीपाशीच यायची.

गुरुवारी सकाळी तो मेव्हण्याच्या दुकानात गेला. मेव्हणा टेबलावर झुकून काचेवर रेघ मारत होता. पट्टी धरून, श्वास रोखून. या माणसाच्या हातून दुकानात कधी काच फुटली नाही, असं गिऱ्हाइकं सांगत. रेघ पुरी होईस्तोवर बिनचूक दारात थांबला. मग त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली.

मेव्हण्याने हात पुसले. वाचलं. बराच वेळ वाचत राहिला, चिठ्ठी एवढीशी असून.

“चार?” तो म्हणाला. “मला तीन आठवत होते.”

बिनचूकने चिठ्ठीतल्या आकड्यावर बोट ठेवलं.

“पेनल्टीही गेली होती का?” मेव्हण्याने विचारलं.

“गेली होती.”

मेव्हणा स्टुलावर बसला. “पहिल्या वर्षी सांगायचो तेव्हा खोटं सांगतोय हे मला माहीत होतं, भावोजी. पण सांगता सांगता तो चेंडू माझ्या हाताला लागायला लागला. आता सांगतो तेव्हा इथे दुखतं,” त्याने मधलं बोट धरलं. “म्हणून चिठ्ठीचं नाव काढत नव्हतो. म्हटलं, हरवलीय ते बरंच आहे. रविवारी रागात बोलून गेलो.”

“हरवली नव्हती. मीच पुरली होती,” बिनचूक म्हणाला. “आणि ऐक. ‘एक सामना रद्द’ हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फोरमनने विचारलं, दोघांचे सतराच का? मी म्हटलं, सामना झाला असता तर चिठ्ठी आली असती. माझ्या मनानेच ठरवलं आणि माझ्या हातांनी जुळवलं. आणि त्यावर बोट ठेवून अडतीस वर्षं लोकांना हसवलं. चुकलो मी. मला फार लाज वाटते.”

मेव्हण्याचा चेहरा बदलला. आवाज चढला नाही, पण टेबलावरचा पंजा आवळला.

“तुम्ही तो अंक काढायचात ना, भावोजी, तेव्हा मलाच वाटायला लागायचं, की खरंच झाला नसेल का सामना? गोल तर मी खोटे सांगतोच आहे, मग सामनाही आपल्या मनाचाच कशावरून नसेल? एकदा मैदानावर जाऊन आलो. गोलात उभा राहिलो. काय बघायला गेलो होतो कुणास ठाऊक. गवत वाढलं होतं.”

बिनचूकने चिठ्ठी काचेच्या तुकड्यांपासून जरा बाजूला सरकवली.

“उद्या पुस्तक जातंय,” बिनचूक म्हणाला. “चिठ्ठी लीगला दाखवली तर चारच लिहावे लागतील. तुला नको असेल तर मी... मला काही कळत नाही बाबा. तू म्हणशील ते.”

“चिठ्ठी नसती तर काय लिहिणार होतात?”

“काहीच नाही. नाव नाही.”

मेव्हणा उठला. चिठ्ठीच्या लांबीरुंदीला पट्टी लावली, एका उरलेल्या तुकड्यावर दोन रेघा मारल्या आणि टक्क करून काच तोडली. चिठ्ठीवर ठेवून पाहिली. केसभरही कमीजास्त नव्हती.

“लीगला दाखवून झाली की परत आणा. हिला चौकट करतो,” तो म्हणाला. “चार तर चार. अहो, चार गोल खायलाही आधी गोलात उभं राहावं लागतं. पोरांना काय सांगायचं ते बघू पुढे.”

बिनचूकने पिशवीतून यादीची वही काढली. मेव्हण्याच्या संघाच्या पानावर दोन नावांमध्ये जेमतेम एका ओळीची जागा होती. तिथे त्याने नाव बारीक, सरळ अक्षरात लिहिलं. मग तक्त्याच्या पानावर ‘एक सामना रद्द’ खोडून शेजारी लिहिलं: सामना झाला होता, चूक जुळाऱ्याची.

“आमच्या मोठ्या गोलकीपरपुढे किती आहेत?” मेव्हण्याने विचारलं.

“सामने दोनशे चौदा.”

“आणि त्याच्या खाली?”

“तू.”

“वाचा बघू.”

बिनचूकने वही उजेडाकडे धरली आणि नाव वाचलं, आडनावासकट. “गोलरक्षक. सामने एक. खाल्लेले गोल चार.”

मेव्हण्याने काचेवरचा चुरा फुंकला. तो खाली बघत होता.

“परत वाचा,” तो म्हणाला.